मूर्ती काढल्या तर चर्च पडेल का?

वास्तुकला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: फ्रान्स आणि जर्मनीतल्या मध्ययुगीन गॉथिक चर्चच्या दारांवर मूर्तींची जी दाटी दिसते, ती इमारतीचाच भाग असते की नंतर चढवलेला साज? ती काढून घेतली तर इमारतीला काही होईल का? आणि त्या मूर्ती इतक्या लांबट आणि ताठ का असतात? त्या काळच्या कारागिरांना शरीर घडवता येत नव्हतं का?

मी दगडी इमारतींच्या जतनाचं काम करतो, म्हणून उत्तर दगडाच्या बाजूनं देईन. कुठला संत कुठल्या खुणेवरून ओळखायचा, हे सांगणारे माझ्याहून जाणकार पुष्कळ आहेत.

आधी सरळ उत्तर. बहुतेक मूर्ती काढल्या तरी चर्च पडत नाही. हा अंदाज नाही, इतिहासात ते प्रत्यक्ष झालेलं आहे. पॅरिसच्या उत्तरेला सां-दनीचं मठमंदिर आहे. मठाधिपती सुजेर यांनी तिथला पश्चिमेचा दर्शनी भाग बांधून घेतला आणि ११४० साली त्याचा अभिषेक झाला. गॉथिकची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात. त्या तीन दारांच्या दोन्ही अंगांना उभ्या असलेल्या मूर्ती १७७१ मध्ये काढून टाकल्या. आज त्यातली काही मुंडकी अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत, आणि दारं जागच्या जागी आहेत. पॅरिसच्या नोत्र-दामच्या दर्शनी भागावर २८ राजांची रांग होती. ते बायबलमधले ज्यूंचे राजे. पण क्रांतीच्या काळात लोकांनी ते फ्रान्सचे राजे समजून १७९३ मध्ये खाली ओढले. भिंतीला तडा गेला नाही. त्यातली २१ मुंडकी १९७७ मध्ये पॅरिसमधल्याच एका इमारतीच्या कामात जमिनीतून निघाली आणि आता क्लूनी संग्रहालयात आहेत.

पण १७७१ मध्येच नोत्र-दामच्या मधल्या दाराशी आणखी एक काम झालं, आणि ते जास्त शिकवणारं आहे. मिरवणुकीची छत्री दारातून आत जावी म्हणून वास्तुकार सूफ्लो यांनी दाराच्या मधोमध असलेला खांब काढला. त्या खांबावर ख्रिस्ताची मूर्ती होती. नुसती मूर्ती उचलून भागलं नाही, कारण त्या खांबावर वरच्या दगडी तुळया टेकलेल्या होत्या. आधार गेल्यावर रुंद दारावर तुळईचा दगड वाकू पाहतो, आणि दगडाला दाब सोसतो पण ताण सोसत नाही. शेवटी 'अखेरच्या निवाड्या'चं कोरीवकाम असलेल्या तुळयांचा मधला भाग कमानीच्या आकारात कापून काढावा लागला. पुढे एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हियोले-ल-द्यूक यांनी खांब आणि कोरीवकाम पुन्हा बसवलं.

म्हणजे दाराच्या बाजूची मूर्ती गेली तर चालतं, मधली गेली तर चालत नाही. यावरून एक गोष्ट धरून ठेवा: गॉथिक दारावरच्या प्रत्येक मूर्तीला आधी बांधकामातलं एक ठिकाण असतं आणि मग चेहरा असतो. कुठल्या ठिकाणावर भार किती, दगड कसा बसवायचा, किती रुंद मिळणार, हे ठरल्यावर संताच्या वाट्याला उरलेली जागा येते.

दाराची रचना एकदा नीट पाहू. गॉथिक चर्चची भिंत जाड असते, आणि दार त्या जाडीतून पायऱ्यापायऱ्यांनी आत जातं. आपल्या देवळांत द्वारशाखा असतात तशा इथे बाजू असतात, फक्त तिरप्या आणि खोल. पायरीच्या प्रत्येक कोनात एक सडपातळ खांब उभा असतो. त्या खांबांवर शीर्षं, शीर्षांवर एकात एक बसलेल्या कमानी. कमानींच्या आत जी अर्धचंद्राची जागा उरते तिथे पातळ दगडांचा भराव असतो, तो टिंपॅनम. वरच्या भिंतीचा भार कमानी उचलतात. टिंपॅनमला जवळजवळ स्वतःचंच वजन पेलायचं असतं, म्हणून तिथे मोठं दृश्य निर्धास्तपणे कोरता येतं. टिंपॅनमच्या खाली तुळई, तुळईच्या मध्याखाली तो खांब. सूफ्लोंना नडला तो हाच.

आता बाजूचे सडपातळ खांब. मूर्तीचं सगळं रहस्य यांच्यात आहे. खाणीत चुनखडीचे थर आडवे असतात आणि भिंतीत दगड बसवताना पाथरवट ते थर आडवेच ठेवतो, कारण तसा दगड भार चांगला सोसतो. पण खांब पातळ आणि उंच हवा असेल, तर खाणीचा थर तेवढा जाड मिळत नाही. मग लांब दगड काढून तो उभा करतात, म्हणजे त्याचे थर उभे होतात. असा खांब मागच्या भिंतीत विणलेला नसतो, भिंतीपुढे सुटा उभा असतो. भिंत अनेक थरांची, मधे चुन्याचे सांधे. चुना आवळत जातो तशी भिंत थोडी थोडी खाली बसते. एकसंध खांबात सांधाच नसल्यानं तो बसत नाही. दोन्ही एकाच वेळी पक्के जोडले तर भिंत बसताना सगळा भार त्या काडीवर यायचा. म्हणून असे खांब सुटे ठेवणं, शक्य तिथे मागाहून बसवणं, हेच शहाणपणाचं.

सां-दनीच्या आणि त्यापाठोपाठ फ्रान्समधल्याच शार्त्र गावच्या चर्चच्या कारागिरांनी याच सुट्या खांबाला माणूस केलं. मूर्ती आणि तिच्या पाठीमागचा खांब हे दोन्ही एकाच दगडातून काढलेले असतात. याला शिल्पस्तंभ म्हणतात. शार्त्रचं पश्चिमेचं 'राजद्वार' साधारण ११४५ ते ११५५ मधलं. ११९४ च्या आगीत बाकीचं बरंचसं चर्च गेलं, हा भाग वाचला. मुळातल्या २४ शिल्पस्तंभांपैकी १९ अजून आहेत. राजे, राण्या, संदेष्टे. हात अंगाशी घट्ट, कोपर खांबाच्या रुंदीबाहेर जात नाही. पाय उतरत्या पायरीवर टेकल्यासारखे, बोटं खाली झुकलेली, म्हणजे अंगाचं वजन त्या पायांवर आहे असं वाटतच नाही. वस्त्राच्या चुण्या खांबावरच्या पन्हाळींसारख्या सरळ खाली येतात.

यावरून कारागिरांना शरीर येत नव्हतं असं म्हणणाऱ्यानं मान थोडी वर करावी. त्याच दारांच्या कमानींत बारा महिन्यांची कामं कोरली आहेत: पीक कापणारा, द्राक्षं काढणारा, शेकोटीशी बसलेला. ती माणसं बेताच्या बांध्याची आहेत, वाकतात, वळतात, काम करतात. उजव्या दाराच्या कमानीत विद्यांच्या मूर्ती आहेत. व्याकरण म्हणजे छडी घेतलेली बाई आणि तिच्यासमोर दोन पोरं, तर संगीत घंटा वाजवतंय. खांबांच्या माथ्यावरच्या पट्ट्यात ख्रिस्ताच्या आयुष्यातल्या प्रसंगांची नुसती झुंबड आहे. एकाच दारावर, एकाच पिढीच्या हातांनी, खांबावरचा माणूस लांबट आणि कमानीतला माणूस चपळ. ठिकाण बदललं की शरीर बदललं. मला हा पुरावा कुठल्याही सिद्धांतापेक्षा जास्त पटतो.

या मूर्ती जागेवर चढून कोरलेल्या नसत. आधी खाली कामाच्या शेडमध्ये घडवायच्या, मग उचलून बसवायच्या. हिवाळ्यात चुना गोठतो म्हणून बांधकाम थांबे, भिंतींचे माथे गवत आणि शेणानं झाकून ठेवत, आणि त्या महिन्यांत घडाईचं काम चाले. खाणीतून नुकता आलेला चुनखडीचा दगड ओला आणि मऊ असतो. तो जसा वाळतो तसा कडक होतो, त्यामुळे ताजा असताना टाकी चालवण्यात फायदाच होता. पण आधी घडवून ठेवलेला माल जागेवर बसेलच असं नाही. शार्त्रच्या उजव्या दाराची तुळई पाहा. कडेचा एक मेंढपाळ अर्धा कापलेला आहे, कारण दगड जागेपेक्षा लांब निघाला. डाव्या दाराच्या कमानींत बारा राशी बसवायच्या होत्या, दहाच मावल्या. मग मीन आणि मिथुन उजव्या दारात विद्यांच्या शेजारी गेल्या. पंगतीत पानं कमी पडली की दोन पाहुण्यांना ओटीवर बसवतात, तसं. मला हे दोष वाटत नाहीत. शिल्पकार आणि गवंडी एकाच आवारात, एकाच घाईत काम करत होते याच्या या सह्या आहेत.

फ्रान्समधल्याच रँस शहरात तर हे लेखीच होतं. तिथलं चर्च १२११ मध्ये सुरू झालं. त्याच्या फरशीत एक चक्रव्यूह होता, तो १७७९ मध्ये उखडला गेला, पण त्यावरची माहिती उतरवून ठेवलेली आहे. त्यात चार मुख्य वास्तुकारांची नावं होती, आणि त्यातल्या गोशे यांच्या नावापुढे त्यांनी कमानींच्या दगडांवर आणि दारांवर काम केलं असं म्हटलेलं. म्हणजे इमारतीचा प्रमुखच दारांची शिल्पं उभी करत होता. दर्शनी भागाच्या दगडांवर कुठला तुकडा कुठे लावायचा याच्या खुणाही कोरलेल्या आढळतात.

तरीही बेत बदलले. मधल्या दाराच्या उजव्या अंगाला चार मूर्ती ओळीनं आहेत. दोन 'शुभवार्ते'च्या, म्हणजे ख्रिस्ताच्या जन्माची बातमी आणणारा देवदूत आणि ती ऐकणारी मेरी. दोन 'भेटी'च्या, म्हणजे मेरी आणि तिची नातलग एलिझाबेथ. देवदूत हसरा, अंग वळवलेला, वस्त्र मोठ्या घड्यांचं. त्याच्याशेजारची मेरी साधी, सपाट, जवळजवळ कोरडी. पुढच्या दोघी थेट रोमन पुतळ्यांवरून उठून आल्यासारख्या. चार मूर्तींत तीन निरनिराळे हात. कुणाला यात विसंगती दिसते, पण मला बांधकामाची वर्षं दिसतात. मूर्ती कित्येक वर्षं घडत होत्या, आणि दार पुरं करायची वेळ आली तेव्हा जे तयार होतं ते लागलं.

तिथला सर्वांत प्रसिद्ध हसरा देवदूत मात्र डाव्या दारावर आहे. १९ सप्टेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्यात दर्शनी भागाला लावलेली लाकडी परांची पेटली आणि त्याचं मुंडकं खाली पडून फुटलं. तुकडे गोळा करून ठेवलेले होते, म्हणून १९२६ मध्ये ते परत बसवता आलं. परांचीनं मूर्ती मारल्याचं हे उदाहरण मी नव्या मुलांना नेहमी सांगतो.

रँसच्या दारात आणखी एक गोष्ट झाली, आणि ती शिल्पाच्या नजरेतून पाहिली तर थोडी क्रूर आहे. टिंपॅनममध्ये दगडांऐवजी रंगीत काच बसवली. दृश्यं कोरायची पिढीजात जागा गेली. मेरीच्या राज्याभिषेकासारखं मुख्य दृश्य वर, दारावरच्या त्रिकोणी माथ्यात सरकलं. गॉथिक वास्तूची ही सगळी धाव भिंत कमी करण्याकडे आहे. अणकुचीदार कमानी, छताच्या बरगड्या, बाहेरून टेकू देणाऱ्या उडत्या कमानी, यांनी भार ठरावीक रेषांत नेला आणि मधली भिंत काचेला मोकळी झाली. त्याआधीच्या रोमनेस्क चर्चमध्ये आतल्या खांबांच्या शीर्षांवर राक्षस, कथा, माणसं असत. गॉथिकमध्ये तिथे बहुतेक ठिकाणी पानं आली. इंग्लंडमधल्या साउथवेलच्या सभागृहात तेराव्या शतकाच्या अखेरची पानं तर अशी आहेत की ओक, द्राक्ष, आयव्ही वेगवेगळे ओळखता येतात. माणसं दारांकडे आणि बाहेर उंचावर गेली. गॉथिकनं शिल्पाला वैभव दिलं असं नेहमी म्हणतात. मी म्हणेन, गॉथिकनं शिल्पाला घराबाहेर काढलं आणि उंबऱ्यावर मानाचं पान दिलं.

उंचावरच्या शिल्पांपैकी काही खरोखर काम करतात. उडत्या कमानीचा रेटा बाहेरच्या ज्या जाड दगडी खांबावर येतो, त्याच्या डोक्यावर दगडी सुळका असतो. सुळक्याचं वजन खाली दाबतं, त्यामुळे आडवा रेटा थोडा खाली वळतो आणि त्या खांबाच्या वरच्या भागातले सांधे उघडत नाहीत. याचा परिणाम पाठ्यपुस्तकांत सांगतात तेवढा सर्वदूर नसतो, वरच्या टोकापुरता असतो, पण असतो. रँसमध्ये या सुळक्यांच्या खाली कोनाडे करून पंख पसरलेले देवदूत उभे केले आहेत.

तशीच जलमुखं. छताचं पाणी उडत्या कमानींच्या पाठीवरच्या पन्हाळीतून बाहेर येतं आणि प्राण्याच्या तोंडातून भिंतीपासून लांब पडतं. मान जितकी लांब तितकी भिंत कोरडी, तितके चुन्याचे सांधे टिकाऊ. नोत्र-दामच्या गच्चीवर गालाला हात लावून पॅरिस पाहत बसलेला शिंगवाला प्राणी मात्र मध्ययुगीन नाही. तो एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीत आला, आणि त्याच्या तोंडातून पाण्याचा थेंबही पडत नाही. गॉथिक म्हणून छापला जातो तोच, हे माझं जुनं गाऱ्हाणं.

मूर्ती खांबातून सुटल्या कशा, ते थोडक्यात. शार्त्रच्याच दक्षिण दारावर साधारण १२३० चा संत थिओडोर आहे, शूरवीराच्या वेषात. पाय सपाट पाटावर टेकलेले, वजन एका बाजूला, कमरेला हलका बाक. मागचा खांब आहेच, पण आता तो लटकवायची खुंटी झालाय. फ्रान्समधल्याच आमियाँच्या चर्चच्या दक्षिण दाराच्या मधल्या खांबावरची 'सोनेरी कुमारी' बाळाकडे पाहून हसते आणि डोक्यावर केवढी तुळई आहे हे विसरलेली दिसते. इटलीत सिएनाच्या चर्चच्या दर्शनी भागासाठी शिल्पकार जोव्हान्नी पिसानो यांनी १२८० च्या दशकापासून मूर्ती केल्या. त्यांच्या माना पुढे ताणलेल्या आहेत. संग्रहालयात समोरासमोर पाहिलं तर त्या विचित्र वाटतात. त्या खालून, रस्त्यावरून पाहायच्या होत्या, आणि छाती आड न येता चेहरा दिसावा म्हणून मान पुढे. पुढे दीजाँजवळच्या शांमोलच्या मठात शिल्पकार क्लाउस स्लूटर यांनी १३८९ नंतर दाराचं काम हाती घेतलं. तिथे ड्यूक आणि त्याची पत्नी दाराच्या दोन बाजूंना गुडघे टेकून मधल्या खांबावरच्या मेरीकडे पाहतात. दार आता रंगमंच झालं, आणि वास्तू मागचा पडदा.

पण ही सरळ रेषा मानू नका. जर्मनीत नाउमबुर्गच्या चर्चच्या पश्चिम भागात साधारण १२५० च्या बारा मूर्ती आहेत, चर्चच्या आश्रयदात्यांच्या. त्यातली उटा अंगरख्याची कॉलर गालाशी ओढून उभी आहे, शेजारी नवरा एकेहार्ट तलवारीवर हात ठेवून. दोघांनाही वारून तेव्हा दोनशे वर्षं झाली होती, तरी चेहरे कालच भेटलेल्या माणसांचे. इतक्या मोकळ्या मूर्ती सुट्या घडवून टेकवल्या असतील असं वाटतं ना? त्या छताच्या बरगड्या जिथे उतरतात त्या भिंतीतल्या खांबांच्याच दगडात कोरलेल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या शार्त्रइतक्याच बांधकामात अडकलेल्या. 'काढता येतील का' हा प्रश्न इथे विचारून पाहा, उत्तर वेगळं येतं.

रंगाबद्दल दोन शब्द, कारण फोटोंमुळे सगळ्यांचा गैरसमज आहे. ही सगळी दारं रंगवलेली होती. आमियाँला १९९० च्या दशकात लेझरनं काजळी काढताना रंगाचे अवशेष सापडले, आणि आता तिथे रात्री प्रकाशझोतानं ते रंग मूर्तींवर पाडून दाखवतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या दारावर मूळ रंग बऱ्यापैकी टिकले आहेत. नोत्र-दामला २०१९ मध्ये आग लागली, त्यानंतर २०२२ मध्ये फरशीखाली केलेल्या उत्खननात तेराव्या शतकातल्या आतल्या दगडी पडद्याचे, म्हणजे वेदीकडचा भाग लोकांच्या जागेपासून वेगळा करणाऱ्या कोरीव भिंतीचे, तुकडे निघाले, त्यांवर रंग ताजे होते. रंग हा दगडाचा सांधा लपवायचाही मार्ग होता. दोन तुकड्यांत केलेली मूर्ती रंगाखाली एकसंध होते. म्हणून आज उघड्या दगडावर दिसणारा प्रत्येक सांधा कारागिरानं लोकांना दाखवायला ठेवला होता असं समजू नये.

आमच्या धंद्यातला खरा शत्रू म्हणजे लोखंड. सुट्या मूर्ती भिंतीला धरून ठेवायला लोखंडी कड्या शिसं ओतून बसवत. शिसं तडकलं, पाणी शिरलं की लोखंड गंजून फुगतं आणि दगड आतून फोडतं. उभ्या थराच्या दगडात पाणी वरून शिरलं की चेहऱ्याचा पापुद्रा निघतो. मूर्तींच्या डोक्यावर ज्या छोट्या दगडी छत्र्या असतात त्यांना स्वर्गनगरीचं प्रतीक म्हणतात. असतील. माझ्या लेखी त्या थेंब अडवतात.

मुंबईत हे सगळं जवळून पाहता येतं, अर्थात सहाशे वर्षांनंतरच्या रूपात. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये जे. जे. स्कूलमध्ये वास्तुशिल्प शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पं त्यांची. १८८८ मध्ये पुऱ्या झालेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरचं बरंच कोरीवकाम जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी केलं. राजाबाई टॉवरवर संतांच्या जागी पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातिजमातींची माणसं उभी आहेत. संत बदलले, पण कोनाडा, छत्री आणि जलमुख तेच. आणि आपल्या पावसात जलमुखाची परीक्षा युरोपपेक्षा कडक होते.

तेव्हा व्हीटीपासून सुरुवात करा. दुर्बीण न्या, जुलैत जा, आणि प्रत्येक मूर्तीभोवती तीन गोष्टी शोधा: सांधा कुठे आहे, वरचा भार कोण घेतंय, पाणी कुठून जातंय. वहीत चेहरा न काढता आधी दगडांच्या रेघा काढा. मग शार्त्रच्या राजद्वाराचे मोठे फोटो उघडा आणि तो अर्धा कापलेला मेंढपाळ स्वतः शोधा. उजवं दार, खालची तुळई, उजवी कड.